डोळ्याच्या नसेचा दाह : रक्तद्रव बदलायचा तर कधी?

घोडबंदरकर : माझ्या मावशीला डोळ्यांसमोर हलवलेला हात तेवढा जाणवत होता, बोटे मोजता येत नव्हती. ठाण्यातील एका रुग्णालयात मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉईडच्या सलाईनचा पूर्ण कोर्स झाला, काही फरक पडला नाही, आणि त्यानंतर कुठे प्लाझ्मा एक्स्चेंजचा, म्हणजे रक्तातला द्रव (प्लाझ्मा) काढून बदलण्याचा, विषय निघाला. न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाचा (शरीराची प्रतिकारशक्तीच डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर उलटते, त्या आजाराचा) संशय असेल आणि नजर इतकी गेली असेल, तर हा निर्णय पहिल्या दिवसापासूनच विचारात हवा, असे माझे ठाम मत आहे. या आजारात अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनावर हल्ला करणारी प्रतिपिंडे रक्तद्रवात फिरत असतात. स्टेरॉईडने दाह शमतो, पण ती प्रतिपिंडे बाहेर निघत नाहीत. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की, तीव्र झटक्यात पहिल्याच दिवशी प्लाझ्मा बदलल्यास पूर्ण सुधारण्याची शक्यता सुमारे ५० टक्के असते, तर २० दिवसांनंतर ती ५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते.

नेरूळचा वाचक : मावशींच्या बाबतीत वाईट वाटले, तरीही सरसकट घाई मला पटत नाही. डोळा हलवला की दुखणे, लाल रंग फिका दिसणे, अशा नेहमीच्या दाहातून बहुतेक रुग्ण आपोआप सावरतात. अमेरिकेतील १९९२ च्या प्रसिद्ध चाचणीत शिरेतून दिलेल्या स्टेरॉईडने नजर लवकर परतली, पण सहा महिन्यांनंतरच्या दृष्टीत फारसा फरक उरला नाही. अशा तरुण रुग्णाच्या मानेत प्लाझ्मा बदलण्यासाठी जाड कॅथेटर (नळी) घालून जंतुसंसर्गाचा धोका पत्करायचा, तो कशासाठी?

घोडबंदरकर : ती चाचणी झाली तेव्हा या प्रतिपिंडांचा शोधच लागलेला नव्हता, तो २००४ मध्ये लागला. त्यात बहुतांश रुग्ण नेहमीच्या दाहाचे होते. त्यांचे निष्कर्ष मावशीला कसे लावायचे?

ऐरोलीची परिचारिका : आमच्या विभागात ही प्रक्रिया होते, म्हणून थोडे लिहिते. यंत्र रक्तपेशी परत देते, पिवळसर द्रव पिशवीत जमा होतो आणि त्याच्या जागी अल्ब्युमिन या प्रथिनाचे द्रावण जाते. एका वेळेस रक्तातील प्रतिपिंडे साधारण ६० ते ६५ टक्क्यांनी घटतात, पण ऊतींमधली पुन्हा रक्तात उतरतात. म्हणून एक दिवसाआड पाच ते सात वेळा हे करावे लागते. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे रक्तातले कॅल्शियम उतरले की रुग्ण “ओठांना मुंग्या येतात” म्हणतो, तेव्हा हाताशी कॅल्शियम हवेच. रक्त गोठवणारी प्रथिनेही निघून जातात, त्यामुळे रोजचे रक्तअहवाल चुकवून चालत नाहीत. आणि इम्युनोग्लोब्युलिनची (दात्यांच्या रक्तातून घेतलेल्या प्रतिपिंडांची) महागडी सलाईन देऊन लगेच प्लाझ्मा बदलणे म्हणजे तो खर्च पिशवीत ओतणेच होय. हा क्रम नातेवाइकांनी आधीच विचारून घ्यावा.

नेरूळचा वाचक : बोटेही मोजता येत नसतील, तर प्रतिपिंडांच्या अहवालाची वाट न पाहता सुरुवात करावी, एवढे मला मान्य आहे. मात्र ज्याला तक्त्यावरच्या मधल्या ओळी वाचता येतात आणि ज्याचा एमआरआय नेहमीच्या दाहाचा आहे, त्याच्या मानेला सुई लावण्याला माझा विरोध कायम आहे.