नवी गाडी डिलिव्हरीआधीच ठोकलेली निघाली तर? तुमचे अनुभव सांगा

सुदामानगरची सून

काल बुधवार म्हणून खजराना गणपतीला गेले होते. बाहेर नेहमीसारखी नव्या गाड्यांची रांग, पूजेसाठी. एका पांढऱ्या गाडीला हार घालताना घरातली मुलगी एकदम थांबली आणि बंपरवर बोट फिरवायला लागली, मग वडिलांना हाक मारली. वडील आपले "अगं चल, पंडितजी खोळंबलेत" म्हणतायत. मला इतकं कसंतरी झालं, कारण आमच्याकडे हेच झालं होतं, फक्त आमचं पूजेच्या आधी कळलं.

सासऱ्यांच्या रिटायरमेंटच्या पैशातली गाडी. दसऱ्याला घरी आणायची ठरलेली. आदल्या दिवशी हे आणि यांचा एक मित्र देवास नाक्याच्या यार्डात बघायला गेले. मित्राचं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे. त्याने मागचं डावं दार उघडलं आणि रबराची पट्टी नखाने जरा मागे ओढली, तर आत दोऱ्याएवढी रंगाची रेघ, आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे पांढरा वेगवेगळा. बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग उडालेला, म्हणजे पाना लागलेला. बाहेरून दार अगदी चकाचक, आपल्यासारख्याला जन्मात कळलं नसतं.

सेल्सवाला म्हणे, "सर ट्रांजिट में थोड़ा-बहुत लग जाता है, सबकी गाड़ी में होता है." मग सीट कव्हर फ्री, मग मॅटिंग फ्री, मग वरून थोडे पैसे कमी करतो. सासरे एरवी कुणाला दुखवत नाहीत, पण शांतपणे म्हणाले, "मला मॅटिंग नको, धड दाराची गाडी हवी."

इनव्हॉइस झालं नव्हतं, पासिंगला पाठवली नव्हती, म्हणून आमचं म्हणणं चाललं. मॅनेजरकडून दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर ईमेलवर लिहून घेतला, तोंडी काहीच ठेवलं नाही. गाडी दसरा उलटल्यावर आली. सासूबाईंना मुहूर्त हुकल्याचं फार लागलं, अजून काढतात तो विषय. पण त्या वेळी गप्प बसलो असतो तर रोज ते दार डोळ्यात सलत राहिलं असतं. तुमच्याकडे असं कुणाचं झालंय का, आणि काय केलंत?

पोहेजलेबी

आमचा बंपर होता. आतून क्लिपा तुटलेल्या, बाहेरून फेविक्विकसारखं काहीतरी. बदलून दिला पण रंग जुळायला दोन बंपर परत पाठवावे लागले. तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, काय बोललेत!

राऊवाला

माझा मेहुणा ट्रान्सपोर्टमध्ये आहे, पीथमपूरला. तो सांगतो की गाडी कारखान्यातून चांगलीच निघते, मग ट्रेलरवर चढवताना-उतरवताना, पट्टे आवळताना, रस्त्यात झाडाच्या फांद्या, गिट्टीचे खडे, आणि सगळ्यात जास्त यार्डात. यार्डात गाड्या एकमेकींना खेटून लावलेल्या असतात आणि पोरं घाईत काढतात-लावतात. उभी राहून राहून बॅटरी उतरते, उंदीर वायरी खातात. म्हणजे दरवेळी कुणी मुद्दाम करतं असं नाही, पण झालेलं सांगत नाहीत हाच राग येतो ना भिया. पीथमपूरवरून आठवलं, नॅट्रॅक्सचा तो टेस्टिंगचा ट्रॅक आहे ना, ११.३ किलोमीटरचा, २०२१ मध्ये सुरू झाला, कुणी आत जाऊन आलंय का? मुलाला फार बघायचाय.

रामबागवाली

@राऊवाला आत असं सोडत नाहीत हो, कंपन्यांच्या गाड्या तपासायच्या असतात तिथे. मुलाला बाहेरूनच दाखवा.

मला विषयाचं एवढंच सांगायचंय की आमच्या जाऊबाईंची गाडी रात्री नऊला दिली, शोरूमच्या लाइटात, फुगे, केक, फोटो, टाळ्या. सकाळी उन्हात बघितलं तर बॉनेटवर पॉलिश मारल्याचे गोल गोल वळसे. आता कुणाला दाखवणार? सही तर करून बसलेले.

जुना सर्व्हेयर

विम्याच्या सर्व्हेत बरीच वर्षं घालवली म्हणून थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या, नातवाला झोपवता झोपवता टाइप करतोय.

सुदामानगरच्या सूनबाईंच्या मित्राने बरोबर जागा बघितली. दार, बॉनेट, डिकी, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), यांचे बोल्ट कारखान्यात बॉडीसोबतच रंगतात, त्यामुळे बोल्टाच्या कडेला रंग तुटलेला असेल तर तो भाग खोललेला आहे. रंगाची जाडी मोजायचा मीटर मिळतो. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, कंपनीप्रमाणे थोडं कमी-जास्त. आकड्यापेक्षा डावी-उजवी बाजू ताडून बघा. एका दाराला १२० आणि दुसऱ्याला ३०० दाखवलं तर दुसऱ्यांदा मारलेला रंग आहे, आणि त्याच्याही खूप वर गेलं तर खाली पुट्टी. बंपर प्लॅस्टिकचा, त्याच्यावर हा साधा मीटर चालत नाही, तिथे डोळे आणि ऊनच.

काचा बघा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा छाप असतो, चार काचा एका कंपनीच्या आणि पाचवी वेगळी तर विचारा का. टायरवर शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाच टायरांपैकी एक फारच वेगळा असेल तर तेही विचारा. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा, गाडीवरचा, इनव्हॉइसवरचा आणि विम्यावरचा अक्षर न् अक्षर एकच हवा. नमुन्यादाखल एक गाडी दाखवतात आणि दुसरीच देतात असंही मी बघितलंय.

आता जे कुणी सांगत नाही ते. पासिंगसाठी विमा लागतो, म्हणजे गाडी तुमच्या हातात यायच्या आधीच पॉलिसी तुमच्या नावाने निघालेली असते. यार्डात ठोकली गेली तर डीलरने स्वतःच्या विम्यातून करायला पाहिजे, पण काही ठिकाणी तुमच्याच पॉलिसीवर क्लेम टाकतात आणि तुम्हाला पत्ताही नसतो. पुढच्या वर्षी २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यातली सूट, मिळायला हवा तो गेलेला दिसतो, तेव्हा कळतं. म्हणून पॉलिसी नंबर मिळाला की विमा कंपनीला फोन करून क्लेम पडलाय का विचारा. आणि १९३० च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टमध्ये आहे की वेगळं काही ठरलं नसेल तर मालकी तुमच्याकडे येईपर्यंत मालाचं नुकसान विकणाऱ्याचं. "ट्रांजिट में हो गया" हे तुमचं दुखणं नाहीच.

सुदामानगरची सून

@जुना सर्व्हेयर काका, क्लेमचं खरंच माहीत नव्हतं. आत्ता यांना उठवून पॉलिसी काढायला लावते.

पोहेजलेबी

काका तुम्ही आधी का नाही भेटलात!! सेव्ह केलं.

लष्करची माहेरवाशीण

ग्वाल्हेरला मेळ्यात घेतली आम्ही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथला व्यापार मेळा १९०५ पासूनचा, शिंद्यांच्या वेळचा, आणि सरकार सूट जाहीर करतं तेव्हा मेळ्यात घेतलेल्या गाडीवर रोड टॅक्स अर्धा. मोठ्या गाडीवर चांगले पैसे वाचतात, इंदूर-भोपाळहून लोक येतात. पण पासिंग तिथल्याच आरटीओत आणि मुदतीच्या आत व्हायला लागतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात नुसती झुंबड. आमच्या गाडीच्या छताला खड्डा होता, रुपयाएवढा, स्टुलावर चढल्याशिवाय दिसणार नाही असा. भावाने चढून बघितला. ते म्हणाले आज नाही घेतली तर सूट जाईल, दुसरी गाडी मुदतीत येणार नाही. बाबा म्हणाले सूट गेली तर जाऊ दे. भाऊ म्हणाला थांबा. त्याने लेटरहेडवर लिहून घेतलं की छताचं काम रंग न मारता, पेंटलेस पद्धतीने करून देणार, फोटोसकट, तारखेसकट, आणि ती तारीख चुकली तर अमुक रक्कम परत. मग घेतली. काम चांगलं झालं, आता शोधून सापडत नाही. माझं मत असं की छोटा डेंट असेल आणि रंग फुटला नसेल तर अडून बसू नये, पण कागद हवाच.

रामबागवाली

अगं लष्करात कुठे? माझी मावशी दौलतगंजात राहायची. मेळ्यातला तो खस्ता आणि मोठे मोठे पापड अजून मिळतात का

लष्करची माहेरवाशीण

@रामबागवाली मिळतात की! दौलतगंजाच्या अगदी जवळच आमचं. मेसेज करते तुला.

बडोद्याची निशिगंध

इकडचं वेगळंच दुःख. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा किती गाड्या पाण्यात होत्या ते आम्ही गच्चीवरून बघितलं. त्यानंतर नवी गाडी घ्यायची म्हटली की पोटात गोळाच. मिस्टरांनी शोरूममध्ये सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघितला, कारण धुताना आतला भाग कुणी धूत नाही, चिखलाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या रुळांना गंज, गालिचा उचलून खालचा फोम ओला-कुबट, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, हे सगळं बघा. आमची गाडी चांगली निघाली देवाच्या कृपेने, पण बघू दिलं याचंच समाधान. जो बघू देत नाही त्याच्याकडून घेऊच नये.

एमपी०९

आमचं डिलिव्हरीनंतर कळलं त्यामुळे आमचा रस्ता लांबचा होता. पहिल्या सर्व्हिसला गाडी दुसऱ्या वर्कशॉपला नेली, तिथल्या ॲडव्हायझरने चेसिस नंबर टाकला तर आमच्या डिलिव्हरीच्या आधीचं जॉबकार्ड, म्हणजे वर्कशॉपमधल्या कामाची नोंद, निघालं, उजवं फेंडर आणि हेडलाइट बदललेलं. बायको रडायलाच लागली तिथे, तिच्या पहिल्या पगारवाढीपासून साठवलेले पैसे होते. विकणारा म्हणतो "आपने डिलीवरी नोट पर साइन किया है". अरे पण मला सांगितलं होतंस का?

१९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार टाकली. त्याने पत्रव्यवहार सुरू झाला पण गोलगोल. मग जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या नव्या कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, ऑनलाइनही होते, दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, आणि दोन वर्षांच्या आत. वकील सक्तीचा नाही, आम्ही केला कारण मला बोलायला जमत नाही. जॉबकार्डाची प्रत होती म्हणून जोर आला. नोटीस गेल्यावर काही महिन्यांनी त्यांनीच तडजोड केली, गाडीची किंमत कमी झाली तेवढे पैसे आणि वाढीव वॉरंटी.

वकीलसाहेबांनी एक निकाल दाखवला होता, गोव्याचा, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलेला. २०११ ची म्हणून २००९ ची वापरलेली गाडी दिलेली. त्यात कोर्टाने म्हटलं की कंपनी आणि डीलर एकमेकांशी स्वतंत्र व्यवहार करतात, कंपनीला माहीत होतं हे दाखवता आलं नाही तर जबाबदारी डीलरची. म्हणून पहिल्या ईमेलपासून कंपनीच्या कस्टमर केअरलाही सीसी ठेवा, नंतर "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता येणार नाही.

सुदामानगरची सून

@एमपी०९ वाचून वाईट वाटलं हो. वहिनींना सांगा, लढलात हे फार मोठं केलंत.

नवी_चाकं

वाचून घाबरलोय! गुरुवारी माझी आहे, पहिलीच गाडी. बँकेचं लोन पास झालंय पण पैसे अजून सोडले नाहीत. सेल्सवाला म्हणतो पेमेंट झाल्याशिवाय गाडी दाखवत नाही. आईने पेढ्यांची ऑर्डर पण दिलीय. काय करू?

जुना सर्व्हेयर

@नवी_चाकं घाबरू नका. बँकेला सांगा की गाडी बघून मी कळवल्यावरच पैसे सोडा, तोपर्यंत नाही. शोरूमला ईमेल टाका की चेसिस नंबर कळवा आणि पेमेंटच्या आधी गाडी दाखवा. नाही म्हणाले तर बुकिंगची रक्कम परत मागायची तयारी ठेवा, बुकिंग फॉर्मवर कॅन्सलेशनचं काय लिहिलंय तेही वाचा. दुपारी उन्हात बघा, गाडी धुतलेली पण पूर्ण कोरडी हवी, ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत.

पोहेजलेबी

पेढे रद्द करू नका, एक दिवस पुढे ढकला फक्त!

राऊवाला

@नवी_चाकं कुठलं यार्ड, देवास नाका का? मी तिकडेच असतो दुपारी, मेहुण्याकडे मीटर आहे, मेसेज करा, घेऊन येतो.

नवी_चाकं

हो देवास नाकाच! मेसेज केलाय दादा. बँकेच्या मॅडमशी आत्ताच बोललो, त्या म्हणाल्या थांबवते. शोरूमला ईमेल पण गेला.