कपाशीवरचं औषध पावसात नाल्यात जातंय, काय करावं?

बोरीकाठ: राम राम मंडळी. पारोळा तालुक्यात आमची कपाशी आहे, काळी जमीन, उतार सरळ नाल्याकडे आणि नाला पुढे बोरी नदीला. रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसाठी इमिडा (इमिडाक्लोप्रिड, कीटकनाशक) मारलं की पाऊस ठरलेला, सऱ्यांमधून गढूळ पाणी थेट नाल्यात. खालच्या मळ्यातले म्हणतात आमची गुरं तेच पाणी पितात, आणि खोटं नाही त्यांचं. फवारणी तर सुटत नाही, मग कमी खर्चात काही जमेल का?

काळीमाती_भो: सऱ्या उताराच्या दिशेनेच पाडल्या असतील ना? मग पाण्याला रस्ता तूच करून दिला भो. पुढच्या वर्षी लागवड उताराला आडवी कर. आणि पार नाल्याच्या काठापर्यंत वखरू नको, पट्टा गवताला सोड, मारवेल लाव नाहीतर जे उगवेल ते राहू दे, फक्त तिथं तणनाशक नको (लोक नेमकं तिथंच मारतात!). पाण्याचा जोर मोडतो, गाळ गवतात बसतो. फवारणीच्या दिवसात ते गवत गुरांना कापून घालू नको म्हणजे झालं.

रावेरचा_केळीवाला: गवत लावाच, पण त्यात अडकतं ते मातीला चिकटून जाणारं औषध, ग्लायफोसेट तणनाशकासारखं. इमिडा पाण्यात विरघळतं, पट्ट्यात पाणी जिरेल तेवढंच थांबणार. म्हणून आधी मोबाईलवर हवामान बघा, आभाळ भरलं असेल तर पंप उचलूच नका. आणि पानं उलटून बघा, पानामागे सरासरी 2-3 तुडतुडे नसतील तर कशाला मारता. बोंडअळीलाही तसंच, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) सलग 3 रात्री 8-8 पतंग आले तर फवारा. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्कावर भागतं.

धुळेकर७: सगळं बरोबर, पण पंप कुठं भरता ते सांगा आधी. आमच्याकडे नाल्यातच पुड्या फोडायच्या, तिथंच पंप विसळायचा, बाटल्याही तिथंच फेकायच्या, मग पावसाला कशाला नावं ठेवायची? बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, पंप धुतलेलं पाणी त्याच कपाशीवर मारा.

बोरीकाठ: मजूर नाल्यावरच भरतात, पाणी जवळ पडतं ना. उद्यापासून ड्रम विहिरीजवळ ठेवतो.

धुळेकर७: अरे विहिरीजवळ नको बाबा!! 200 लिटरचा ड्रम गाडीवर भरून वावराच्या मधोमध न्या.