मदत हवी आहे: करारात मत्तीचं लाकूड, वासे निघाले किंदळाच्या लाकडाचे. चूक नकळत झाली, तरी जबाबदार मीच का?

नमस्कार. मी डिचोलीचा. छपराची कामं स्वतंत्रपणे घेतो, दोन गडी रोजावर असतात. जानेवारीत बार्देशातल्या एका जुन्या घराचं कौलारू छप्पर साहित्यासकट 4 लाख 60 हजारांना घेतलं. करारात 'सर्व वासे मत्तीचे' असं लिहिलंय. वखारीत मी मत्तीच मागितली, बिलावरही मत्तीच आहे. पावसाआधी काम पुरं केलं, एक थेंब गळलेला नाही.

आता मालकांच्या आर्किटेक्टनी 38 पैकी 9 वासे किंदळाचे असल्याचं दाखवलं. मी पुन्हा चढून बघितलं, त्यांचं खरं आहे. दोन्ही एकाच कुळातली झाडं, पण वीस वर्षं लाकडात काढून मला ते ओळखता आलं नाही, हे फार लागलंय.

मालक उरलेले 90 हजार देत नाहीत. उलट 'कोणत्याही अटीचा भंग झाल्यास 3 लाख भरपाई' या कलमावर नोटीस आलीय. त्यात 'फसवणूक' हा शब्द आहे. पैशापेक्षा तो जास्त बोचतो.

मुद्दाम केलं नाही, याला कायद्यात काहीच किंमत नाही का? 3 लाख भरावेच लागतील?

प्रतिसाद (म्हापशात वकिली करते):
दादा, करारभंगात हेतू बघत नाहीत. मत्ती देईन म्हटलं आणि दिली नाही, की भंग झाला. वखारीची चूकही मालकांपुढे तुमचीच. पण फसवणुकीला सुरुवातीपासून खोटा हेतू लागतो. बिल मत्तीचं असताना तो आरोप टिकणं कठीण. बिल जपून ठेवा.

3 लाखांचं म्हणाल, तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे ती कमाल मर्यादा आहे, आपोआप द्यायची रक्कम नव्हे. कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. नुकसान मोजता येत असेल तर ते सिद्ध करावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाश नाथ प्रकरणात सांगितलंय. इथे मोजता येतं: 9 वासे, कौलं उतरवून परत चढवायची मजुरी. दूरची, म्हणजे भंगातून थेट न झालेली नुकसानी त्याच कायद्याच्या कलम 73 मध्ये बसत नाही.

वखारवाल्याला आजच लेखी कळवा. वर्णनाने विकलेला माल वर्णनासारखाच हवा, हे 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 15.

धागालेखक:
ताई, खूप आभार. नऊ वासे स्वखर्चाने बदलून द्यायची माझी तयारी आहे. तसं लिहून दिलं तर कबुली ठरेल का?

प्रतिसाद:
'तडजोडीसाठी, माझे हक्क अबाधित राखून, पुरावा म्हणून न वापरण्याच्या अटीवर' असं पत्रातच लिहा आणि 90 हजारांची मागणीही त्यातच करा. पण नोटिशीचं उत्तर मुदतीत, वकिलामार्फतच जाऊ दे.