मदत हवी आहे: पलंगातून छताकडे उसळणारं रक्त

कंदीलवाला: नमस्कार मंडळी. 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मध्ये (1984) जॉनी डेप पलंगात ओढला जातो आणि रक्ताचा लोट थेट छताला भिडतो. तसा एक शॉट आमच्या शॉर्ट फिल्ममध्ये हवा आहे. पंपाने रक्त वर फेकलं की कारंजं दिसतं, लोट दिसत नाही. मूळ शॉट कसा घेतला होता? जागा म्हणजे एक गॅरेज. व्हीएफएक्स नको.

पालथा_घडा: पंप विसरा. तिथे रक्त वर गेलंच नव्हतं, खाली पडलं होतं. अख्खी खोली फिरत्या सांगाड्यात बांधली होती आणि माणसं ती हाताने फिरवत. सिनेमातली टीना भिंतीवरून छतावर ओढली जाते तीही याच खोलीत. या शॉटसाठी खोली पालथी केली, कॅमेरा खोलीलाच घट्ट बसवला आणि पलंगाच्या भोकातून रंगीत पाणी सोडलं. खोलीबरोबर कॅमेराही उलटा, म्हणून पाणी चढताना दिसतं.

घोळ झाला तो वजनामुळे. पाणी एका बाजूला सरकलं, तोल गेला, खोली आपसूक फिरू लागली आणि पाणी दिव्यांच्या वायरिंगवर गेलं. दिग्दर्शक वेस क्रेव्हन आणि कॅमेरामन पट्ट्यांनी बांधलेले, ते अंधारात उलटे लटकत राहिले. म्हणून कळकळीने सांगतो, खोली फिरवायच्या फंदात पडू नका. तुमच्या शॉटला त्याची गरजच नाही. सेट सुरुवातीपासून पालथा बांधा.

सेटचं माप खऱ्या खोलीच्या एक चतुर्थांश ठेवा, म्हणजे 10 फुटांची खोली अडीच फुटांत बसते. त्याहून लहान नको, कारण पाण्याचे थेंब काही मापाबरोबर लहान होत नाहीत. ते टपोरे दिसले की खेळणं उघडं पडतं. सेट जितक्या पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतक्या पट शूटिंगचा वेग वाढवायचा, म्हणजे पाणी मोठ्या खोलीतल्यासारखं पडताना दिसतं: 4 चं वर्गमूळ 2, तेव्हा सेकंदाला 50 फ्रेम्सवर शूट करून 25 वर चालवा.

कंदीलवाला: मग चादर, पडदे उलटे लोंबणार ना? आणि रक्त कशाचं?

रंगपेटी: लोंबणारच. चादर स्टेपल करा, उशा चिकटवा, पडद्यांना पातळ फेविकॉल फासून सरळ वाळवा. दिवे बॅटरीचे एलईडीच. घरच्या लाइनची वायर आसपासही नको. भोक 3 इंची, त्यावर 20 लिटरची बादली, लाकडी बूच दोरीने ओढायचं. लेन्सपुढे काच लावा.

रक्त दोन प्रकारचं लागेल. लोटासाठी पाणीच, पाक भोकातून धो-धो येत नाही. मात्र नुसतं रंगीत पाणी पांढऱ्या छतावर गुलाबी सरबत दिसतं, म्हणून लाल पोस्टर कलर ढवळून दाट करा. नटाच्या अंगावर बेकरी सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज, त्यात लाल खाण्याचा रंग आणि थोडा पिवळा. डिक स्मिथ या मेकअपवाल्याच्या गाजलेल्या कृतीतही कॉर्न सिरपमध्ये लाल-पिवळा असाच आहे. त्यातला फोटो-फ्लो (फोटोची फिल्म धुताना वापरायचं द्रावण) कापडावर रक्त नीट पसरावं म्हणून असतो, पण तो विषारी. तोंडाजवळच्या रक्तात अजिबात नको.

पालथा_घडा: एक राहिलं. एडिटमध्ये 180 अंश 'रोटेट' करा, 'फ्लिप' नाही. फ्लिपने डावं-उजवं बदलतं आणि भिंतीवरच्या पोस्टरची अक्षरं उलटी येतात. छताला पुठ्ठा वापरू नका, भिजून फुगतो. ऑइलपेंट मारलेला प्लाय घ्या, कडा सिलिकॉनने भरा. पुसून दुसरा टेक घेता येईल.