एडिसन ते सॅन होजे: गाडी आणि मोटरसायकल कशी न्यावी?

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी
३ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी,

या महिन्याअखेरीस आम्ही, मी, नवरा आणि लहान मुलगी, एडिसनहून सॅन होजेला चाललो आहोत. घरसामानाचं ठरलं, पण गाड्यांपाशी घोडं अडलंय. एक होंडा सीआर-व्ही आहे, गेल्या वर्षी नवी घेतलेली, अजून सहा हजार मैलही झालेले नाहीत. दुसरी नवऱ्याची यामाहा मोटरसायकल. ती विकायचा विषय काढला की तो गप्प होतो, त्यामुळे तीही न्यायची आहे.

परवा रात्री एका साइटवर भाव बघायला म्हणून फोन नंबर टाकला आणि दुसऱ्या मिनिटाला फोन सुरू झाले. काल एका दिवसात छत्तीस. एक जण ८९५ डॉलर सांगतो, दुसरा १,६५०. गाडी तीच, रस्ता तोच. ८९५ वाला म्हणतो, आज रात्री बाराच्या आत दीडशे डॉलर भरले तरच हा भाव मिळेल. भरून टाकू का? की सरळ चालवत न्यावी?

---

प्रेषक: फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
३ ऑक्टोबर

अगं, ते दीडशे आज भरू नकोस. आधी हे वाच.

तुला फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे स्वतःचा ट्रकच नाही. ते ब्रोकर, म्हणजे ट्रान्सपोर्टचे दलाल. तू हो म्हणालीस की ते तुझी गाडी एका ऑनलाइन लोड बोर्डावर टाकतात: अमुक गाडी, एडिसन ते सॅन होजे, ट्रकवाल्याला इतके पैसे. आठ-नऊ गाड्यांचा ट्रेलर घेऊन फिरणारे ट्रकवाले तो बोर्ड बघतात आणि ज्यात जास्त सुटतात त्या गाड्या उचलतात. म्हणून ८९५ हा भाव नाहीच. ती दलालाने लावलेली बोली आहे, आणि तिला अजून एकाही ट्रकवाल्याने होकार दिलेला नाही.

मी हे स्वतः भोगलंय. चार वर्षांपूर्वी आम्ही पार्सिपनीहून इकडे आलो तेव्हा असाच सगळ्यात स्वस्त भाव धरला आणि दोनशे डॉलर डिपॉझिट भरलं. ठरल्या दिवशी ट्रक आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. दलाल रोज गोड आवाजात "उद्या नक्की" म्हणायचा. नवरा आधीच इकडे येऊन रुजू झालेला. मी दोन वर्षांच्या मुलाला घेऊन रिकाम्या घरात, जमिनीवर गादी टाकून. भाडेकरार संपायच्या आदल्या संध्याकाळी फोन आला, "साडेतीनशे वाढवा, तर ट्रक मिळतोय." वाढवले. दुसरं करणार काय होते मी? त्या बाईला घर सोडायचंय, ती आता नाही म्हणू शकत नाही, हे समोरच्याला पक्कं ठाऊक होतं. तुझ्यावर ती संध्याकाळ येऊ नये म्हणून एवढं लांबण लावतेय.

तेव्हा मधला भाव धर. या दिवसांत मला १,३०० ते १,५०० ठीक वाटतो. दलालाला एकच विचार, "यातले ट्रकवाल्याला किती देणार?" बरा दलाल सांगतो, बाकीचे विषय बदलतात. आणि ट्रक ठरून ट्रकवाल्याचं नाव हातात येईपर्यंत एक डॉलरही देऊ नकोस. तोवर पैसे न घेणारे दलाल आहेत, मला दुसऱ्या खेपेला असाच मिळाला.

नाव मिळालं की एफएमसीएसए या ट्रक-वाहतुकीच्या केंद्रीय खात्याच्या साइटवर त्याचा यूएसडॉट नंबर, म्हणजे केंद्रीय नोंदणी क्रमांक, घाल. लायसन्स चालू आहे का, ते ब्रोकरचं आहे की कॅरियरचं (म्हणजे खुद्द ट्रकवाल्याचं), सगळं तिथे फुकट दिसतं. ब्रोकरला ७५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे हमी, ठेवावा लागतो. २०१३ च्या ऑक्टोबरपर्यंत तो फक्त १०,००० चा होता. पण तो बाँड म्हणजे तुझ्या गाडीचा विमा नव्हे, ही गल्लत बरेच जण करतात. गाडीचा विमा ट्रकवाल्याचा असतो, त्याला कार्गो इन्शुरन्स म्हणतात, आणि नुसत्या गाड्या वाहणाऱ्या ट्रकवाल्यांवर त्याची केंद्रीय सक्ती २०११ पासून उरलेली नाही. म्हणून सर्टिफिकेट मागायचं, त्यावरची तारीख आणि रक्कम स्वतः वाचायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रायव्हर गाडी घेताना आणि देताना तुझी सही घेतो तो कागद, बिल ऑफ लेडिंग. हल्ली बऱ्याचदा फोनवरच असतो. त्यावर गाडीचं चित्र असतं आणि जिथे ओरखडा किंवा पोचा असेल तिथे खूण केलेली असते. पुढे काही वाद झाला तर तोच कागद बोलतो.

माझी गाडी प्लेझंटनला एका दुकानाच्या पार्किंगमध्ये रात्री साडेनऊला उतरली. पाऊस नव्हता, पण दहा दिवसांच्या धुळीने गाडी मातकट झालेली. ड्रायव्हर म्हणाला, "सगळं ठीक आहे, इथे सही करा." मी मुलाच्या पिशवीतले ओले वाइप्स काढले आणि फोनच्या उजेडात एकेक दार पुसायला घेतलं. मागच्या डाव्या दाराच्या हँडलखाली बोटभर लांबीचा ओरखडा, पार पत्र्यापर्यंत गेलेला. तो म्हणाला, धूळ आहे. मी पुन्हा पुसलं, नखाने चाचपलं, नख अडकलं. तिथेच कागदावर लिहिलं, फोटो काढला, त्याच्याकडून पोच घेतली आणि मग सही केली. पाच आठवड्यांनी दुरुस्तीचे ६४० डॉलर आले. न बघता सही केली असती तर ते आमच्याच खिशातून गेले असते.

गाडी देताना ती धुऊन दे, म्हणजे जुने ओरखडे नीट दिसतील. चारी बाजूंचे, छताचे आणि मैलांच्या आकड्याचे फोटो काढ. पेट्रोल पाव टाकी पुरे. आणि आत सामान भरू नकोस. ट्रकवाल्याचा विमा गाडीला असतो, मागच्या सीटवरच्या मिक्सरला नसतो.

---

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी
४ ऑक्टोबर

ताईंनी लिहिलेलं लाख मोलाचं आहे. मीही एडिसनचाच, इथे १९९४ पासून आहे, मंडळातली बरीच घरं पॅक करायला हातभार लावलाय, म्हणून कागदपत्रांचं मी सांगतो.

पोरी, गाडी ट्रेलरवर चढण्याआधी काचेवरचा ई-झीपास काढून पर्समध्ये टाक. ट्रेलर ओहायो, इंडियाना, इलिनॉय करत जातो, टोलनाक्यावरचं यंत्र वरच्या गाडीतला पास वाचतं आणि पैसे तुमच्या खात्यातून जातात. कॅलिफोर्नियात हा पास चालत नाही, तिथे फास्टट्रॅक घ्यावा लागेल.

न्यू जर्सीच्या नंबर प्लेटा एमव्हीसीला, म्हणजे इथल्या वाहन खात्याला, परत कराव्या लागतात. तिकडच्या प्लेटा मिळाल्या की या ट्रेंटनला पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्या परत जाईपर्यंत इथला विमा बंद करू नका. चार दिवस दोन विम्यांचे पैसे गेले तरी जाऊ द्यात.

तिकडे राहायला गेल्यापासून २० दिवसांत गाडी नोंदवायची असते. तुमच्या गाडीला सहा हजारांच्या आत मैल झालेत म्हणून मुद्दाम सांगतो: ७,५०० मैलांच्या आतली बाहेरच्या राज्यातली गाडी कॅलिफोर्नियाच्या धुराच्या नियमात बसणारी नसेल तर तिथे नोंदवत नाहीत. मात्र आधीच्या राज्यात ती तुमच्याच नावावर नोंदलेली असली आणि तुम्ही नव्याने राहायला आला असाल तर सूट आहे. म्हणून न्यू जर्सीचं रजिस्ट्रेशन हातातल्या बॅगेत घ्या, सामानाच्या खोक्यात नको. गाडीवर कर्ज असेल तर बँकेला पत्ता बदलल्याचं आजच कळवा, टायटल, म्हणजे मालकीचा कागद, त्यांच्याकडे असतं.

आणखी एक. माल पोहोचवणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी टाकणारा कार्मॅकचा कायदा १९०६ पासून आहे. दावा करायला ट्रकवाल्याला तुम्हाला किमान नऊ महिने द्यावेच लागतात. पण ताई म्हणतात तसं उतरवून घेताना लिहिलं नसेल तर दावा फार लंगडा पडतो.

---

प्रेषक: ऑस्टिन, टेक्सास
४ ऑक्टोबर

यामाहासाठी लिहितोय. नवरोबा गप्प का होतात ते मला बरोबर कळतं. मी माझी मोटरसायकल पिट्सबर्गहून इथे आणली, आणि आणली नसती तर आजही हळहळलो असतो.

ती गाड्यांच्या उघड्या ट्रेलरवर पाठवू नका. फक्त मोटरसायकली नेणारे बंद ट्रेलर असतात, पुढचं चाक चिमट्यात धरणारे किंवा लोखंडी स्किडवर, म्हणजे पाटावर, बांधणारे. वेळ जास्त लागतो, कारण ते ठरलेल्या फेऱ्या करतात. पण त्यांच्या माणसांना बांधणं कळतं आणि सगळा खेळ बांधण्याचाच आहे. पट्टा हँडलबारला कधीच बांधू द्यायचा नाही. त्याच्याखाली दोन्ही फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे दबणारे दांडे, जिथे धरलेले असतात त्या जाड पकडीला मऊ फास घालून पट्टा ओढायचा. फोर्क अर्धेच दाबायचे. पार खाली बसवले तर हजारो मैलांच्या धक्क्यांनी सील फुटतं आणि तेल गळायला लागतं. माझ्या मित्राच्या गाडीचं हेच झालं. घाईत सामानवाल्यांनी हँडलबारला पट्टे मारले होते, तो वाकला आणि वर तेलही गळलं.

सामानाच्याच ट्रकमधून न्यायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी लागते. आरसे काढून कपड्यात गुंडाळा, अलार्म बंद करा, एक किल्ली स्वतःजवळ ठेवा. लहान मुलाला सोडताना बघतो तसं पट्टे आवळताना शेजारी उभं राहून बघा. ड्रायव्हरला राग येत नाही, चांगल्याला उलट बरं वाटतं.

---

प्रेषक: ओरलँडो, फ्लोरिडा
५ ऑक्टोबर

तुमच्या रस्त्याला उपयोग नाही, पण फ्लोरिडाला येणाऱ्या कुणासाठी तरी: व्हर्जिनियातल्या लॉर्टनहून इथल्या सॅनफर्डपर्यंत अॅमट्रॅकची ऑटो ट्रेन आहे. आपण डब्यात, गाडी मागच्या वॅगनमध्ये, मोटरसायकलही चालते. संध्याकाळी बसलं की सकाळी फ्लोरिडा. आम्ही आईबाबांना घेऊन आलो, बाबांना रेल्वेतली झोप कितीतरी वर्षांनी मिळाली.

---

प्रेषक: ओमाहा, नेब्रास्का
५ ऑक्टोबर

चालवत न्यायचं म्हणत असाल तर माझं ऐका. आमचं घर आय-८० महामार्गापासून दहा मिनिटांवर आहे. हाच रस्ता न्यू जर्सीतल्या टीनेकपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जातो, सुमारे २,९०० मैल. पाच दिवस, चार मुक्काम. पेट्रोल आणि हॉटेलं धरली तर ट्रकच्या पैशांत फारसा फरक राहत नाही, आणि गाडीचे मैल वाढतात ते वेगळेच.

आमच्यापर्यंतचा रस्ता सरळ आहे. चिंता पुढची. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा वारा आणि बर्फामुळे बंद पडतो, ऑक्टोबरअखेरीसही पडू शकतो. मग मिळेल त्या गावात रात्र काढायची. त्यापुढे नेवाडा ओलांडलं की सिएरा डोंगरातला डॉनर घाट, सात हजार फुटांवर, बर्फ पडलं की चाकांना साखळ्या लागतात. बरोबर लहान मुलगी आहे. दोघांनी आलटून पालटून चालवलं तरी मी तरी या दिवसांत तुम्हाला चालवत जा म्हणणार नाही. मे महिना असता तर म्हणाले असते, या, आमच्याकडे दोन दिवस राहा, पिठलं-भाकरी खा आणि पुढे निघा.

---

प्रेषक: सॅन होजे, कॅलिफोर्निया
१७ नोव्हेंबर

मंडळी, पोहोचलो. उत्तर द्यायला उशीर झाला, पण तुम्ही लिहिलेला शब्द न् शब्द छापून फ्रिजवर लावला होता.

८९५ वाल्याला नाही म्हटलं. १,४५० ला एक दलाल मिळाला. ट्रकवाल्याला किती, ते विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, १,२५०. बोर्डावर टाकल्यापासून दुसऱ्या दिवशी ट्रक ठरला, मग डिपॉझिट भरलं. ट्रकवाल्याच्या विम्याची मुदत संपत आली होती. एडिसनच्या काकांना फोन केला, ते म्हणाले नवं सर्टिफिकेट माग. मागितलं, तासाभरात आलं.

ट्रक आमच्या गल्लीत वळणं शक्यच नव्हतं, म्हणून ओक ट्री रोडच्या एका मोठ्या पार्किंगमध्ये गाडी दिली. ड्रायव्हर पंजाबी, हिंदीत बोलला, स्वतः प्रत्येक खूण दाखवत गेला. नवव्या दिवशी इथे उतरली. ताई, मी बादली आणि फडकी घेऊनच गेले होते. काचेवर खडा लागून मुगाएवढा टवका उडालेला सापडला. ड्रायव्हरने काही न बोलता कागदावर लिहून दिलं. दावा केलाय, अजून उत्तर यायचंय.

मोटरसायकल तीन आठवड्यांनी आली. बांधताना नवरा शेजारी उभा होता, उतरवतानाही. फोर्कवर तेलाचा थेंबही नाही. आल्या आल्या तो तिच्यावर बसून कोपऱ्यापर्यंत जाऊन आला, आणि मुलीला टाकीवर हात ठेवून बघू दिलं की ती गरम झालीय का.

गाडी आणि मोटरसायकल दोन्ही डीएमव्हीत, म्हणजे इथल्या वाहन खात्यात, नोंदवून झाल्या, मैलांचा प्रश्न रजिस्ट्रेशन दाखवल्यावर सुटला. न्यू जर्सीच्या प्लेटा आज सकाळी ट्रेंटनला पोस्ट केल्या. ई-झीपास अजून पर्समध्येच आहे.

ओमाहाच्या वहिनी, मे महिन्यात आम्ही एडिसनला लग्नाला जाणार आहोत. या वेळी चालवत. पिठलं-भाकरीचं लक्षात ठेवा.