बर्फातल्या जंगलाचा आवाज रेकॉर्ड कसा करायचा? बहीण हेलसिंकीत, मी अर्जुनी मोरगावात

धानवाला_अर्जुनी
नमस्कार मंडळी. लहान बहीण यंदा शिकायले हेलसिंकीत गेली. तिच्या रूमपासून जवळच केस्कुसपुइस्तो नावाचं जंगल आहे, शहराच्या मधातच, पण लांबीले दहाएक किलोमीटर, आन आता तिथं बर्फ पडून रायला. इकडं आमच्या जि.प. शाळेतल्या पोरायले मी सारस, टिटवी, बांधीतले बेडूक असं काही काही ऐकवत असतो, तं पोरं म्हणतात सर बर्फाचा आवाज कसा येते? बहिणीकडं झूम कंपनीचा एच१एन हा लहान रेकॉर्डर आहे. तिनं करून पाठवलं, पण नुसता सूंऽऽ आवाज आन मांगून गाड्यायचा घूंघूं. एवढ्या जंगलात काहून असं होते?

वडसा_साउंड
भाऊ मी झाडीपट्टीच्या नाटकायले साउंड करतो, सध्या सीझन हाय म्हणून उशिरा लिहून रायलो. ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्याच्या आसपास हवाच असते, त्या बारीक भोकायमदी आवाज जिरते. जिनिंगमदी कापसाच्या गंजीजवळ उभं राहून बोलून पाय, तसं. जंगल एवढं चूप असलं की माणूस गेन (माइकचा आवाज वाढवाचं सेटिंग) वाढवते, आन मंग मशीनच्या आतलाच सूं वर येते. तो बर्फाचा नोय. लहान रेकॉर्डरले हे रायतेच, गेन बेताचा ठेवा आन आवाजाच्या जवळ जा.

गाड्यायचं दुसरं कारण. जाड आवाज बर्फ जास्त खात नाही. त्यात थंडीत जमिनीजवळची हवा गार आन वरची गरम असली का आवाज वर जायच्या ऐवजी खाली वाकते. डिसेंबरात पहाटे आपल्याकडं दूरची रेल्वे गावात ऐकू येते, तेच. लो कट (जाड आवाज कापाचं सेटिंग) ८० हर्ट्झवर टाका. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमदी, २४ बिटवर करा, ऑटो लेव्हल (मशीन आपल्या मनानं आवाज कमी-जास्त करते ते) बंद. एमपी३ नको.

पाखरू_नवेगावबांध
लो कटला माझा विरोध आहे दादा. जे कापलं ते परत येत नाही, घरी कॉम्प्युटरवर कापता येतं ना. रेकॉर्डर हाताळल्याचा धबधब आवाज असेल तर ठीक.

ताईला सांगा रेकॉर्डर हातात धरूच नका. छोट्या ट्रायपॉडवर ठेवा, माइकवर वारा अडवणारं केसाळ विंडशील्ड घाला (फोमचं वाऱ्यात पुरत नाही) आणि सुरू करून दूर जाऊन उभ्या राहा, कारण नायलॉनचं जॅकेट साधी मान वळवली तरी खसखस करतं. रविवारी सकाळी जावं, तेव्हा ट्रॅफिक कमी असतो. डिसेंबरच्या शेवटी तिथं दिवस सहा तासांपेक्षाही लहान, त्यामुळे पक्ष्यांना खायलाच वेळ पुरत नाही, गाणं कुठून म्हणतील. बल्गुलीच्या जातीतले छोटे पक्षी एकमेकांना बारीक हाका मारतात तेवढंच. सुतारपक्ष्याचं खोडावरचं ढोल वाजवणं हवं असेल तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा, ते पोरांना नक्की आवडेल.

धानवाला_अर्जुनी
मार्चमदी आमच्या पोरायची परीक्षा 😀 आत्ता काय भेटन ते सांगा.

पाखरू_नवेगावबांध
चालण्याचा आवाज! उणे दहाच्या खाली गेलं की बर्फ पायाखाली करकर-चीं वाजतो, थोडी थंडी असताना नुसता फसफस. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी घ्यायला सांगा, पोरांना ओळखायला लावा. फांदीवरून बर्फाचा गठ्ठा पडतो तोही छान येतो. आणि तळं गोठलं असेल तर काठावरूनच रेकॉर्ड करा, आत पाय टाकायचा नाही. बर्फाला तडा गेला की प्यूऽऽ असा सिनेमातल्या लेझर बंदुकीसारखा आवाज येतो, कारण बर्फाच्या थरातून बारीक आवाज आधी पोचतो आणि जाड मागून.

धानवाला_अर्जुनी
हे तं भारी हाय. पण ती म्हणते बॅटरी लवकर उतरते.

वडसा_साउंड
साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर बसतात, लिथियमचे ट्रिपल ए घ्या, महाग हाय पण टिकतात. स्पेअर सेल आतल्या खिशात, अंगाजवळ. आन घरात येताना रेकॉर्डर बाहेरच प्लास्टिकच्या थैलीत घालून तोंड घट्ट बांधाचं, मंगच आत यायचं. नाही तं गरम हवेतलं पाणी थंड मशीनवर जमते आन माइक जातो. थैली दोन-तीन तास उघडाची नाही. पोरी ऐकत नाहीत, लगेच उघडून पायतात, तेवढं दाटून सांगजो.