प्रतिसाद: सिंहगडाच्या चढाची तुलना

वर कोणीतरी लिहिलंय की स्ट्राव्हावर (व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपवर) सिंहगडाच्या सेगमेंटला, म्हणजे वेळ मोजायच्या ठरावीक टप्प्याला, सायकलवर मित्रापेक्षा चार मिनिटं जास्त लागतात, म्हणजे सराव फुकट चालला आहे. मला हे अजिबात पटत नाही. दोघांचं वजन सारखं आहे का, हे आधी बघा.

चढावर बहुतेक ताकद गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होते. समजा चढाई ६०० मीटरची आहे आणि स्वार व सायकल मिळून ८५ किलो. नुसतं तेवढं वजन वर न्यायला सुमारे ५०० किलोज्यूल लागतात. ५० मिनिटांत पोचलात तर सरासरी १६७ वॅट. तेवढ्याच ताकदीत ३ किलो कमी असते तर जवळपास पावणेदोन मिनिटं वाचली असती! वाऱ्याचा आणि टायरचा विरोध यात धरलेला नाही.

वेगवेगळे घाट ताडून बघायचे असतील तर वेळेपेक्षा व्हीएएम, म्हणजे ताशी किती मीटर उंची चढलात, ते बघा. वरच्या उदाहरणात ते ७२० येतं. मात्र पसरणीसारख्या सौम्य घाटात तेवढ्याच ताकदीत ते कमी दिसेल, कारण तिथे वेग जास्त आणि हवेचा विरोधही जास्त.

आणखी एक. सेगमेंटची वेळ थांब्यांसकट मोजली जाते. ऑटो-पॉजने (थांबलात की नोंद आपोआप थांबवणाऱ्या सोयीने) फरक पडत नाही, त्यामुळे मध्ये लिंबू सरबताला थांबलात तर तेही त्यात धरलं जातं.

तुलना करायचीच तर स्वतःच्याच जुन्या वेळांशी करा, त्याच सायकलवर, पहाटेच्या गारव्यात. पॉवर मीटर (सायकलवर ताकद मोजणारं उपकरण) असेल तर वॅटचे आकडे इथे टाका, मला बघायला आवडतील.